ताटातले अन्न आणि अंगी लागलेले अन्न : डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्या पोषणविचाराची चिकित्सा

प्रस्तावना

‘मूल खाते, पण खाल्लेले अंगी लागत नाही’ ही तक्रार मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. आहारशास्त्रातील एक अत्यंत अवघड प्रश्न या साध्या वाक्यात सामावलेला आहे. ताटात वाढलेले अन्न आणि शरीराने आपलेसे केलेले अन्न या दोन भिन्न गोष्टी होत. या दोहोंमधील अंतर किती राहील, हे पिण्याच्या पाण्यावर, आतड्यांच्या स्थितीवर, कराव्या लागणाऱ्या श्रमांवर आणि घरात व समाजात त्या व्यक्तीला असलेल्या स्थानावर ठरते. आरोग्यावर परिणाम करणारे सामाजिक, पर्यावरणीय आणि आहारविषयक घटक पाठ्यपुस्तकांत स्वतंत्र मथळ्यांखाली दिलेले असतात. प्रत्यक्षात ते एकाच शरीरात एकत्र येतात.

हा प्रश्न संख्याशास्त्राच्या शिस्तीने मांडणाऱ्यांमध्ये डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) यांचे स्थान अग्रभागी आहे. भारतात उपाशी कोणाला म्हणावे, याविषयी १९७० व १९८० च्या दशकांत जो वाद झाला, त्याचे एक केंद्र पुणे होते. एका बाजूस डॉ. सुखात्मे आणि दुसऱ्या बाजूस डॉ. वि. म. दांडेकर हे दोघेही संख्येची जाण असलेले विद्वान होते. हा वाद अर्थशास्त्राच्या वर्गात दारिद्र्यरेषेच्या निमित्ताने उल्लेखिला जातो. आरोग्याच्या अभ्यासकांकडून मात्र त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही.

सुखात्मे यांच्या पोषणविचाराची आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांच्या आधारे चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. सुखात्मे यांनी उपस्थित केलेला प्रश्न योग्य आणि काळाच्या पुढचा होता. परंतु त्या प्रश्नातून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या प्रश्नालाच न्याय देत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वादाची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या सुखात्मे यांचे शिक्षण पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे लंडन येथे झाले. कृषी संशोधनातील नमुना पाहणीच्या पद्धती विकसित केल्यानंतर १९५१ ते १९७० या काळात ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. जगातील दोनतृतीयांश लोक अर्धपोटी आहेत, असे विधान त्या काळी सर्रास केले जात असे. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनीही ते केलेले होते. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सुखात्मे यांनी या विधानाचा पाया तपासला. देशाची सरासरी गरज आणि देशातील सरासरी पुरवठा यांची नुसती तुलना करून भुकेल्यांची संख्या मिळत नाही. अन्नाची विभागणी लोकांमध्ये कशी झाली आहे, हे पाहावे लागते, हा त्यांचा मुद्दा होता. जगातील १० ते १५ टक्के लोक अल्पपोषित आहेत आणि अन्नाचा निकृष्ट दर्जाही विचारात घेतला, तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, असा त्यांचा अंदाज होता.

दुसरा प्रसंग प्रथिनांचा. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट ओढवत असल्याचा इशारा दिला होता. विकसनशील देशांतील मुलांसाठी प्रथिनयुक्त खास खाद्ये तयार करण्याकडे तज्ज्ञांचा ओढा होता. सुखात्मे यांनी भारतीय आहाराच्या आकडेवारीवरून दाखवून दिले की, भाकरी-पोळी आणि डाळ असा आहार पोटभर मिळणाऱ्याला सामान्यतः प्रथिने कमी पडत नाहीत. ज्यांना ती कमी पडतात, त्यांना मुळात अन्नच कमी पडत असते. अशा वेळी शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळून टाकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांच्या संशोधनाचा निष्कर्षही याच दिशेचा होता. पुढील काही वर्षांत जागतिक तज्ज्ञांनाही ‘प्रथिनांची दरी’ ही कल्पना मागे घ्यावी लागली. प्रचलित मत कितीही प्रतिष्ठित असले, तरी आकड्यांवर घासून पाहण्याचे धैर्य हा सुखात्मे यांच्या विचाराचा विशेष होता, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

याच सुमारास, १९७१ मध्ये, डॉ. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही त्यांनी दारिद्र्याची सीमा मानली. १९६०-६१ च्या किंमतींनुसार हा खर्च ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि नागरी भागात साडेबावीस रुपये येत होता. या हिशेबाने ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि नागरी भागातील सुमारे ५० टक्के लोक दरिद्री ठरले. गरिबांना सार्वजनिक कामांवर रोजगार पुरवावा, अशी शिफारस या अभ्यासाने केली होती. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेने आकार घेतला, ही घटना या संदर्भात आठवण्यासारखी आहे. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि नागरी भागासाठी २१०० उष्मांक हे निकष ठरविले व ते पुढे दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

सुखात्मे यांची मांडणी

दांडेकर-रथ यांच्या पद्धतीवर सुखात्मे यांचा आक्षेप मूलगामी होता. २२५० किंवा २४०० ही सरासरी गरज आहे. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण अल्पपोषित असतो, असे मानणे म्हणजे सरासरीपेक्षा कमी उंचीचा प्रत्येक मनुष्य खुजा मानण्यासारखे आहे. निरोगी लोकांच्या समूहातही सुमारे निम्मे लोक सरासरीच्या खाली असणारच. येथपर्यंत त्यांच्या युक्तिवादात दोष काढता येत नाही.

यापुढचे पाऊल अधिक धाडसी होते. एकाच निरोगी माणसाचे, एकाच प्रकारचे काम करीत असतानाचे, अन्नग्रहण दिवसागणिक व आठवड्यागणिक बदलते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. डॉ. शेल्डन मार्गेन यांच्यासह १९७८ ते १९८२ च्या दरम्यान लिहिलेल्या निबंधांत त्यांनी असे प्रतिपादन केले की, हे चढउतार म्हणजे केवळ योगायोग नसून शरीराच्या स्वयंनियमनाची ती खूण आहे. अन्न कमी मिळाले की शरीर ते अधिक काटकसरीने वापरते आणि अधिक मिळाले की सैल हाताने खर्च करते. या नियमनाला मर्यादा असते. ती सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा केली असता मिळते. व्यवहारात ही खालची मर्यादा सरासरी गरजेच्या सुमारे ७० टक्के येते. या मर्यादेच्या वर असलेल्या व्यक्तीला आपण उपाशी म्हणू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षाचे वजन एका साध्या गुणाकाराने ध्यानात येते. २४०० चे ७० टक्के म्हणजे १६८०. रेषा २४०० वरून १६८० वर आणली, तर या दोन आकड्यांच्या मध्ये असलेली सर्व कुटुंबे कागदावर सुपोषित ठरतात. धान्याचा एक दाणाही न वाढता उपाशी लोकांची संख्या झपाट्याने खाली येते.

सुखात्मे यांचा हेतू गरिबांची संख्या कमी दाखविण्याचा होता, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. खऱ्या अर्थाने उपाशी असलेल्यांवर साधने केंद्रित व्हावीत आणि उरलेल्यांच्या बाबतीत शुद्ध पाणी, मलनिस्सारण व आरोग्यसेवा यांवर भर द्यावा, ही त्यांची भूमिका होती. जंत, हगवण आणि वारंवार होणारे संसर्ग यांमुळे गरिबांच्या पोटात गेलेले अन्न वाया जाते. अशा वेळी नुसते अन्न वाढविणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. दांडेकर-रथ यांच्या मांडणीत ही बाजू नव्हती, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या हिशेबातील मनुष्य ठरावीक उष्मांक घेणारा आणि ठरावीक रुपये खर्च करणारा होता. तो कोणते पाणी पितो, हा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता.

मांडणीतील कच्चे दुवे

पहिला कच्चा दुवा अनुमानाच्या दिशेचा आहे. निरोगी माणूस एखाद्या दिवशी वा आठवड्यात १७०० उष्मांकांवर भागवतो, यावरून सदैव १७०० उष्मांकांवर जगणारा माणूस निरोगी असतो, हे सिद्ध होत नाही. एकादशीच्या उपवासाने कोणी कुपोषित होत नाही. पण वर्षभर सक्तीची एकादशी घडणाऱ्याच्या प्रकृतीविषयी त्यावरून काहीच सांगता येत नाही. शिवाय दैनंदिन चढउतार कालांतराने एकमेकांना छेद देतात. दारिद्र्याच्या मोजणीसाठी वापरली जाणारी राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी कुटुंबाच्या महिन्याच्या उपभोगाची असते. कुटुंबातील अनेक व्यक्तींच्या आणि तीस दिवसांच्या बेरजेत व्यक्तीच्या दैनंदिन चढउताराचा भाग फारच थोडा उरला पाहिजे. हे चढउतार परस्परांशी निगडित असल्याने ते इतक्या सहज पुसले जात नाहीत, असे सुखात्मे यांचे उत्तर होते. मात्र त्याला आधार होता तो थोड्या, निरोगी प्रौढांवरील मर्यादित काळाच्या निरीक्षणांचा. त्यावरून गरोदर स्त्रिया, वाढती मुले आणि अंगमेहनतीची कामे करणारे मजूर यांच्याविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे होते.

दुसरा दुवा अनुकूलनाच्या किंमतीचा आहे. शरीर कमी अन्नावर भागवून घेते, हे खरे. परंतु ते कशाच्या बदल्यात? प्रौढ मनुष्य वजन घटवून, काम मंदावून भागवतो. मूल खेळणे कमी करून आणि वाढ रोखून भागवते. डेव्हिड सेक्लर या अर्थतज्ज्ञांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली, तेव्हा डॉ. गोपालन यांनी तिला कडाडून विरोध केला. खुजेपणा ही काटकसर नसून मागे राहिलेली जखम आहे, असा त्यांच्या विरोधाचा आशय होता. पार्थ दासगुप्ता व देबराज रे यांनी १९९० मध्ये अल्पकालीन स्वयंनियमन आणि दीर्घकालीन अनुकूलन यांतील फरक स्पष्ट केला आणि दुसऱ्याची किंमत माणसाच्या कार्यक्षमतेतून वसूल होते, हे दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालवाढीच्या मानकांनी या प्रश्नाचा एक भाग बव्हंशी निकालात काढला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांची उंची जवळजवळ सारख्याच गतीने वाढते, असे त्यात आढळले. भारतातील मुले दिल्लीतील होती. भारतीय मुलांचे खुजेपण मुख्यतः त्यांच्या वंशाचे नसून परिस्थितीचे आहे, असा याचा अर्थ होतो.

तिसरा दुवा सर्वांत महत्त्वाचा असून तो नैतिक स्वरूपाचा आहे. कोणतीही रेषा आखली, तरी दोन प्रकारच्या चुका संभवतात : पोटभर जेवणाऱ्याला उपाशी ठरविणे आणि उपाशी माणसाला पोटभर जेवणारा ठरविणे. संख्याशास्त्राचा अभ्यासक या दोन चुकांची जात वेगळी मानतो, परंतु त्यांची किंमत सांगणे त्या शास्त्राच्या कक्षेत येत नाही. सुखात्मे यांनी पहिली चूक टाळण्यासाठी रेषा इतकी खाली आणली की, दुसऱ्या चुकीला मोकळे रान मिळाले. पहिल्या चुकीत सरकारचे काही धान्य अधिक खर्ची पडते. दुसऱ्या चुकीत एखाद्या मुलाची वाढ कायमची खुंटते. या दोहोंना समान तोलणे हा तटस्थपणा नव्हे. शंकेचा फायदा कोणाला द्यावयाचा, हा निर्णय आकड्यांच्या आड लपला की तो निर्णय आहे, हेच दिसेनासे होते.

हा केवळ इतिहास नाही. अन्न व कृषी संघटना आजही भुकेल्यांची जागतिक संख्या काढताना सुखात्मे यांच्या परंपरेतील पद्धत वापरते. तिच्यातील किमान ऊर्जेची गरज किमान स्वीकार्य वजन आणि हलके श्रम गृहीत धरून ठरविलेली असते. भारतासाठी ती १८०० उष्मांकांच्या आसपास येते. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषा उष्मांकांपासून औपचारिकरीत्या विलग केली, पण आपल्या रेषेवरील नागरी कुटुंबांना १७७६ आणि ग्रामीण कुटुंबांना १९९९ उष्मांक मिळतात, ही बाब तिच्या समर्थनार्थ याच जागतिक निकषाशी ताडून पाहिली. पुढे २०१४ मध्ये रंगराजन समितीने पुन्हा ग्रामीण २१५५ व नागरी २०९० असे निकष घेतले. रेषेचे हे वर-खाली होणे पाहता प्रश्न पडतो तो असा की, खडी फोडणारी, खुरपणी करणारी, डोक्यावर हंडे वाहणारी स्त्री ‘हलके श्रम’ या कोष्टकात कशी बसवावयाची?

परिसराचे उत्तर : किती खरे, किती अपुरे

अन्नाची रेषा खाली आणणारे सुखात्मे परिसराच्या बाबतीत मात्र द्रष्टे ठरले, असे पुष्कळदा म्हटले जाते. या दाव्याचीही तपासणी व्हावयास हवी. संसर्ग व पोषण यांचे दुष्टचक्र १९६८ मध्येच स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात सविस्तर मांडले होते. आजारी मूल कमी खाते, खाल्लेले कमी पचवते आणि अशक्त झाल्याने पुन्हा आजारी पडते. २०१३ च्या सुमारास डीन स्पिअर्स यांनी या विचाराला नवे बळ दिले. आफ्रिकेतील अनेक गरीब देशांतील मुलांपेक्षा भारतीय मुले बुटकी का, या कोड्याचे मोठे उत्तर दाट वस्तीतील उघड्यावरील शौचात आहे, असे त्यांनी आकडेवारीने दाखविले. महाराष्ट्राला हा विषय नवा नव्हता. गाडगेबाबांनी झाडू हाती घेऊन गावोगाव जे सांगितले, त्यांच्याच नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्याने २००० मध्ये सुरू केले होते. ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्दप्रयोग पुढे सरकारी भाषेत रूढ झाला.

परंतु यानंतरचा पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१८ मध्ये बांगलादेश व केनिया येथील आणि २०१९ मध्ये झिम्बाब्वे येथील मोठ्या नियंत्रित चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही कुटुंबांना शौचालये, पाणी शुद्ध करण्याची साधने आणि हात धुण्याच्या सोयी पुरविण्यात आल्या, काहींच्या मुलांना पूरक आहार देण्यात आला, काहींना दोन्ही. पूरक आहाराने मुलांची उंची थोडी, पण निश्चित वाढली. केवळ स्वच्छतेच्या सोयींनी उंचीत वाढ झाली नाही आणि आहाराला त्यांची जोड दिल्यानेही अधिकचा लाभ दिसला नाही. बांगलादेशात जुलाबाचे प्रमाण घटले, अन्य दोन देशांत तेही घटले नाही.

यावरून स्वच्छता निरर्थक ठरत नाही. घरटी एक शौचालय आणि क्लोरीनची बाटली एवढ्याने परिसरातील घाण पुरेशी हटत नाही. त्यासाठी नळाचे निर्धोक पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि संपूर्ण वस्तीची स्वच्छता लागते, असा अर्थ बहुसंख्य तज्ज्ञ लावतात. पण सुखात्मे यांच्या मांडणीपुरता एक निष्कर्ष अटळ आहे : स्वच्छतेला अन्नाचा पर्याय मानता येत नाही. गळकी घागर बुजवली पाहिजे हे खरे. मात्र घागर बुजवीपर्यंत पाणी ओतणे थांबविले, तर तहानलेल्याने काय करावे, याचे उत्तर त्यांच्या विचारात मिळत नाही.

ताटापर्यंत पोहोचण्यापूर्वी

सुखात्मे आणि दांडेकर या दोघांच्याही प्रतिमानांत एक गोष्ट समान होती. दोघांचा हिशेब ‘दरडोई’ होता. अन्न कुटुंबात आले की ते गरजेप्रमाणे वाटले जाते, असे या शब्दात गृहीत धरलेले असते. भारतीय स्वयंपाकघराचा अनुभव याहून वेगळा आहे. सर्वांची पंगत उठल्यावर उरलेल्यात भागविणारी सून हे आपल्या कथा-कादंबऱ्यांतून परिचित झालेले चित्र आकडेवारीतही उमटते. डायन कॉफी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार गर्भधारणेपूर्वी वजन कमी असलेल्या स्त्रियांचे प्रमाण भारतात ४२.२ टक्के, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १६.५ टक्के होते. जयचंद्रन व पांडे यांनी २०१७ मध्ये दाखविले की, भारतात पहिल्या अपत्याच्या तुलनेत नंतरच्या अपत्यांची उंची झपाट्याने घटते आणि मुलग्याची ओढ हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. घरात धान्य किती, यापेक्षा घरात कोण कधी जेवते, हे येथे निर्णायक ठरते.

परिसराचा प्रश्नही असाच सामाजिक आहे. शौचालय बांधूनही ते न वापरण्यामागे खड्डा कोण उपसणार, हा जातीने गुंतागुंतीचा केलेला प्रश्न असतो, असे कॉफी व स्पिअर्स यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. पर्यावरणीय घटक आणि सामाजिक घटक यांच्यात आपण कल्पितो तशी भिंत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १९ टक्के कुटुंबांकडे शौचालयाची सोय नसल्याचे आढळले. वस्तीच्या कडेला, उताराच्या बाजूला कोणाची घरे असतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही टक्केवारी कोणत्या वस्त्यांत साठलेली असेल, हे सांगावे लागत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांची साक्ष

ज्या पुण्यात हा वाद रंगला, त्याच शहराजवळ १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक व केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा गावांतील मातांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. गर्भधारणेपूर्वीपासून या स्त्रियांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात त्यांचे सरासरी अन्नग्रहण दिवसाला साधारण १८०० उष्मांकांच्या आसपास होते. हा आकडा वर आलेल्या दरडोई आकड्यांशी काटेकोरपणे तोलता येणार नाही, कारण तेथे सर्व वयांचे लोक आहेत आणि येथे केवळ गरोदर स्त्रिया. तरीही रेषेच्या जवळ जगणे म्हणजे काय, याची त्यातून कल्पना येते. या स्त्रिया जगत होत्या, शेतात राबत होत्या, बाळांना जन्म देत होत्या. सुखात्मे यांच्या भाषेत त्यांचे शरीर स्वतःचे नियमन करीत होते.

त्या नियमनाची किंमत बाळांच्या अंगावर दिसली. त्यांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. ही भारतीय बाळे केवळ लहान नव्हती. त्यांचे स्नायू व पोटातील अवयव तुलनेने कमी वाढलेले होते, चरबी मात्र बरीचशी टिकून होती. ‘कृश पण मेदयुक्त’ असे हे बाळ पुढील आयुष्यातील मधुमेहाची शक्यता जन्मतःच बरोबर घेऊन येते, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. लहान पण निरोगी या कल्पनेला यापेक्षा नेमके उत्तर क्वचितच मिळाले असेल. ज्या अनुकूलनाला शहाणपण मानले गेले, ते कर्ज होते आणि त्याची फेड पुढच्या पिढीला करावी लागते.

मात्र हाच अभ्यास दांडेकरांच्या बाजूनेही सरसकट साक्ष देत नाही. या मातांमध्ये एकूण उष्मांक किती घेतले, यापेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात आले, याचा बाळाच्या वाढीशी अधिक स्पष्ट संबंध आढळला. दोन्ही विद्वानांनी ज्या नाण्यात हिशेब मांडला, ते उष्मांकाचे नाणेच अपुरे होते. रेशनवरील तांदूळ-गव्हाने २४०० चा आकडा गाठता येईल. त्याने रक्तातील लोह वा ब-१२ जीवनसत्त्व गाठता येत नाही. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली होती. सधन गणल्या जाणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे. अशा वेळी शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला आणि २०२५ च्या आरंभी त्यासाठीची सरकारी तरतूद थांबविली. ताटात काय पडावे, हा प्रश्न आजही शास्त्रापेक्षा तिजोरी आणि सामाजिक रुचीअरुची यांच्या हाती आहे, असे यावरून म्हणावे लागते.

समारोप

सुखात्मे यांच्या विचारातील टिकाऊ अंश कोणता? सरासरीला पूजू नये. ताटातले अन्न आणि अंगी लागलेले अन्न यांत भेद करावा. पाणी आणि स्वच्छता यांना पोषणाच्या हिशेबात स्थान द्यावे, ही त्यांची तीन सूत्रे आजही मोलाची आहेत. त्यांची चूक झाली ती या सूत्रांतून अन्नाची रेषा खाली आणण्याचा मार्ग काढताना. खाल्लेले अंगी लागत नसेल, तर अशा माणसाची अन्नाची गरज वाढते, ती घटत नाही. वारंवार तापाने व जुलाबाने ग्रासलेल्या मुलाला निरोगी मुलापेक्षा अधिक आणि चांगले अन्न लागते. परिसराविषयीचा त्यांचा स्वतःचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला असता, तर तो त्यांच्या रेषेच्या विरुद्ध गेला असता. लेखाच्या प्रारंभी ज्या विसंगतीचा निर्देश केला, ती हीच होय.

दांडेकर यांनी वादाच्या ओघात दारिद्र्य आणि अल्पपोषण या दोन वेगळ्या गोष्टी मानण्याची गरज मांडली, ती योग्यच होती. पण त्या वेगळ्या करताना दोन्हींमध्ये समाजाची रचना कशी शिरते, हे पाहण्याचे काम पुढच्यांवर राहिले.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या चिकित्सेचा एक व्यावहारिक उपयोग सुचवावासा वाटतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आपले विद्यार्थी दरवर्षी खेड्यापाड्यांत पाहण्या करतात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी उत्पन्न विचारतो, गृहविज्ञानाचा आहार विचारतो, भूगोलाचा पाण्याचे स्रोत नोंदवतो आणि समाजशास्त्राचा जातनिहाय कुटुंबे मोजतो. चार विभागांच्या चार वह्या चार कपाटांत जातात. त्या एकाच घराविषयीच्या असूनही एकत्र वाचल्या जात नाहीत. एकाच कुटुंबाचे ताट, त्याचे पाणी आणि त्या घरातील शेवटी जेवणारी व्यक्ती या तीन गोष्टी एका प्रश्नावलीत आल्या, तर पन्नास वर्षांपूर्वी पुण्यात अर्धवट राहिलेला वाद निदान एखाद्या गावापुरता पुढे नेता येईल. रेषा कोठे आखावी, याचे उत्तर त्यातून मिळेलच असे नाही. परंतु रेषेच्या खाली नेमके कोण उभे आहे, हे त्याच्या नावानिशी दिसेल, आणि शंकेचा फायदा कोणाला द्यावयाचा, हे ठरविणे मग इतके अवघड राहणार नाही.